वेताळ, मुंजा आणि उंबरठ्यावरचा पाहुणा : समलिंगी रक्तपिशाचकथेचा मराठी अन्वय

रिचर्ड बर्टन याने १८७० मध्ये वेताळपंचविशीतील अकरा कथांचे इंग्रजी रूपांतर प्रसिद्ध केले. त्या ग्रंथाच्या शीर्षकात 'वेताळ' या शब्दाच्या जागी त्याने 'व्हॅम्पायर' हा शब्द योजला. वास्तविक पंचविशीतला वेताळ रक्त पीत नाही. तो प्रेतात वस्ती करतो, झाडाला लोंबकळतो, राजाच्या खांद्यावर बसून गोष्ट सांगतो आणि गोष्टीच्या शेवटी प्रश्न विचारतो. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८३० मध्ये वेताळपंचविशी मराठीत आणली. तेव्हापासून छापील मराठीच्या वाचकाला हा वेताळ चतुर, बोलका आणि काहीसा खोडकर म्हणूनच परिचित आहे. गोव्यात लोलये येथे तर तो देव म्हणून पूजिला जातो. भाषांतर म्हणून बर्टनची निवड चुकीची होय. परंतु ही चूक विचाराला चालना देणारी आहे. युरोपीय रक्तपिशाच आणि भारतीय वेताळ यांच्यात रक्ताचे साम्य नसले तरी आणखी एका गोष्टीचे साम्य आहे, आणि ती गोष्ट म्हणजे मौन. दोघांच्याही कथांत कोणाला तरी काही ठाऊक असते आणि ते बोलावे की बोलू नये या पेचात तो सापडलेला असतो.

इंग्रजीत आणि इतर युरोपीय भाषांत स्त्री-स्त्री वा पुरुष-पुरुष प्रेमाच्या अंगाने लिहिल्या गेलेल्या रक्तपिशाचकथांची एक स्वतंत्र परंपरा आहे. गेल्या चार दशकांत तिला मोठा वाचकवर्ग लाभला. ही परंपरा कशातून घडली, आजच्या वाचकाला ती का ओढून घेते आणि मराठी कथेत तिचा प्रतिध्वनी आहे की नाही, याचा विचार येथे करावयाचा आहे. मराठीत 'समलिंगी रक्तपिशाचकथा' अशी वेगळी शाखा दाखविता येत नाही, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. ती का घडली नाही, हा प्रश्न मात्र मराठीच्या अभ्यासकाचाच आहे. त्याचे उत्तर 'हा विषय आपल्याकडचा नाही' असे एका वाक्यात देऊन टाकणे ही अभ्यासातील टाळाटाळ ठरेल.

जॉन पोलिडोरी याची 'द व्हॅम्पायर' ही कथा १८१९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि ती प्रथम बायरनच्या नावावर खपली. इंग्रजी गद्यातील रक्तपिशाचकथेचा आरंभ बहुधा येथूनच मानला जातो. ऑब्रे हा भाबडा तरुण लॉर्ड रुथवेन या गूढ उमरावाच्या आकर्षणाने त्याच्याबरोबर प्रवासाला निघतो. ग्रीसमध्ये मृत्युशय्येवर पडलेला रुथवेन त्याच्याकडून शपथ घेतो, की आपले दुष्कृत्य आणि आपला मृत्यू या दोहोंविषयी एक वर्ष आणि एक दिवस त्याने कोणाशी अक्षरही बोलू नये. पुढे हाच रुथवेन जिवंत होऊन लंडनमध्ये वावरतो आणि ऑब्रेच्या बहिणीशीच लग्न ठरवितो. ऑब्रे सर्व जाणतो. शपथ त्याला बोलू देत नाही. तो भ्रमिष्ट होतो, आणि मुदत संपून तो बोलतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. कथेत दोन पुरुषांमधील प्रीतीचा उच्चार कोठेही नाही. मात्र एका पुरुषाने दुसऱ्याचे गुपित देहात काट्यासारखे वागविणे आणि त्या गुपिताची किंमत घरातल्या बहिणीने मोजणे, हा रूपबंध येथे सिद्ध झाला. पुढच्या लेखकांनी तो पुन्हा पुन्हा वापरला.

शेरिडन ले फानूची 'कार्मिला' १८७२ मध्ये त्याच्या कथासंग्रहात आली. येथे संकेत उरत नाही, उच्चार येतो. श्टायरियातील एकाकी गढीत पित्याबरोबर राहणारी लॉरा ही निवेदिका आहे. दारासमोर बग्गी उलटते आणि त्यातील तरुणीला तिची आई तीन महिन्यांसाठी या घरात ठेवून निघून जाते. हा सगळा व्यवहार लॉराच्या पित्याच्या संमतीने होतो, हे ध्यानात घ्यावे. घरच्या कर्त्या पुरुषानेच पाहुणीला आत घेतलेले असते. कार्मिला लॉरावर जे प्रेम करते त्याचे वर्णन ले फानूने शृंगाराच्या भाषेतच केले आहे. लॉराच्या मनात ओढ आणि किळस एकाच वेळी निर्माण होतात, आणि त्यांतील कोणतीही एक भावना ती नाकारीत नाही. कार्मिलाला नाव बदलता येते, परंतु आपल्याच नावातील अक्षरे उलटसुलट करूनच. म्हणून ती कधी मिर्काला, तर कधी मिलार्का होते. आपली ओळख लपवून जगणाऱ्या माणसाचे याहून नेमके चित्र शोधून सापडणार नाही. शेवटी पुरुषमंडळी जमून थडगे उघडतात, खुंटा ठोकतात, शिर तोडतात. तरीही अनेक वर्षांनंतर दिवाणखान्याच्या दाराशी कार्मिलाचे हलके पाऊल वाजल्याचा भास लॉराला होतो. न्याय झाला, कथा संपली, आणि निवेदिकेची ओढ मात्र संपलेली नाही.

या परंपरेतील सर्वांत कमी वाचली गेलेली आणि सर्वांत मोलाची कथा एका वकिलाने लिहिली. कार्ल हाइन्रिख उल्रिख्स (१८२५-१८९५) हा जर्मन कायदेपंडित. १८६७ मध्ये म्युनिक येथील विधिज्ञांच्या परिषदेत उभा राहून पुरुषांमधील प्रेमाला गुन्हा ठरविणाऱ्या कायद्याविरुद्ध तो बोलू लागला आणि सभागृहाने आरडाओरडा करून त्याला खाली बसविले. आयुष्याची अखेर त्याने इटलीत काढली. १८८५ मध्ये त्याने खलाशांच्या कथांचे एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात 'मॅनर' ही कथा आहे. फेरो बेटांवर मॅनर नावाचा खलाशी हार नावाच्या मुलाला समुद्रातून वाचवितो. दोघांचा जीव एकमेकांत गुंततो. मॅनर जहाजासह बुडतो, पुरला जातो, आणि रात्री हारकडे परत येऊ लागतो. हार दिवसेंदिवस फिकट होत जातो. गावकरी थडगे उकरून प्रेतात खुंटा ठोकतात. हार त्याच विरहाने मरणाला टेकतो आणि आईजवळ एकच मागणे मागतो : मला मॅनरच्या थडग्यात ठेवा आणि त्याच्या छातीतला खुंटा काढा. आई तसे वचन देते.

सभागृहात जे बोलता आले नाही ते उल्रिख्सने भुताच्या गोष्टीत बोलून दाखविले, असे म्हणणे सोपे आहे. परंतु कथेचे बळ त्याहून वेगळ्या जागी आहे. पोलिडोरीत आणि ले फानूत रक्तपिशाच हे संकट होते आणि गाव वा कुटुंब हा बळी होता. उल्रिख्सने ही मांडणी उलटी केली. येथे संकट गावाकडून येते, खुंटा गाव ठोकते, आणि मृत्यूही त्या खुंट्यापायी येतो. शिवाय खुंटा काढण्याचे काम त्याने कोणा नायकाकडे दिले नाही. ते आईकडे दिले. आजच्या समलिंगी रक्तपिशाचकथेत जे जे नवे म्हणून मिरविले जाते त्याचे बीज या आठ-दहा पानांत आहे.

याच्या अगदी विरुद्ध टोकाला काउंट एरिक स्टेनबॉक (१८६०-१८९५) याची १८९४ मधील रक्तपिशाचकथा आहे. तीही श्टायरियातच घडते आणि तिच्या निवेदिकेचे नाव कार्मेला आहे. ले फानूचे ऋण लेखकाने लपविलेले नाही. व्हार्डालेक नावाचा उमराव घरी पाहुणा म्हणून येतो आणि निवेदिकेचा धाकटा भाऊ गॅब्रिएल झिजून मरतो. भाषा तलम आहे, संगीताचे प्रसंग मनात राहतात. तरी ही कथा आज निखळपणे वाचवत नाही, याचे कारण गॅब्रिएल हा बालक आहे. समलिंगी पुरुष म्हणजे मुलांना नासविणारा, ही बदनामी युरोपात आणि आपल्याकडेही दीर्घकाळ चालली. तिला या कथेसारख्या साहित्याने नकळत खतपाणी घातले. परंपरेचा गौरव करताना तिच्यातला हा डाग पुसून टाकणे अभ्यासकाला शोभणारे नाही.

स्टेनबॉकची कथा प्रसिद्ध झाली त्यानंतरच्याच वर्षी, मे १८९५ मध्ये, ऑस्कर वाइल्डला दोन वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. आणि १८९७ मध्ये ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' आली. हार्करवर झुकलेल्या तीन स्त्रियांना ड्रॅक्युला दूर हटवितो आणि या पुरुषावर आपला हक्क असल्याचे सांगतो. तो प्रसंग वाइल्डच्या खटल्याच्या छायेत वाचला पाहिजे, असे अनेक समीक्षकांनी म्हटले आहे. त्या मताशी पूर्ण सहमत होण्याची गरज नाही. पण छाया नाकारताही येत नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे चित्र पालटले. अॅन राइस हिच्या १९७६ मधील कादंबरीत रक्तपिशाच स्वतःच मुलाखत देऊ लागला, म्हणजे त्याला निवेदनाचा अधिकार मिळाला. लुई आणि लेस्टॅट हे दोन पुरुष एकत्र राहतात आणि एका मुलीला आपली करून कुटुंब थाटतात. ज्यूएल गोमेझ या कृष्णवर्णीय लेखिकेचा 'द गिल्डा स्टोरीज' (१९९१) हा परस्परांत गुंफलेल्या कथांचा ग्रंथ तर या साऱ्याला वेगळेच वळण देतो. गुलामगिरीतून पळालेली मुलगी १८५० मध्ये लुइझियानात या नव्या कुळात प्रवेश करते आणि कथा २०५० पर्यंत जाते. गिल्डा रक्त घेते, पण त्या मोबदल्यात माणसाच्या मनातील एखादी इच्छा ओळखून तिला बळ देते. जीव घेणे हा येथे अपराध आहे. देवघेव हा धर्म आहे. पाठोपाठ पॅम कीसी हिने स्त्री-स्त्री प्रेमाच्या रक्तपिशाचकथांचे संकलन १९९३ मध्ये, तर मायकेल रो आणि थॉमस रोश यांनी पुरुषांच्या कथांचे संकलन १९९६ मध्ये काढले. लघुकथेच्या क्षेत्रात या शाखेला स्वतंत्र अस्तित्व आले ते या संकलनांमुळे.

हे दशक कोणते होते, याचा विसर पडू नये. १९८१ मध्ये अमेरिकेत एड्सची पहिली नोंद झाली आणि समलिंगी पुरुषाचे रक्त हा सार्वजनिक भीतीचा विषय बनला. रक्तातून पसरणारे, न मरणारे, चेहऱ्यावरून न ओळखू येणारे असे काही आपल्यात वावरते आहे, हे रक्तपिशाचाचे जुने वर्णन वर्तमानपत्रांनी आजारी माणसांना जसेच्या तसे लावले. अशा वेळी त्या माणसांतल्याच लेखकांनी रक्तपिशाच हाच नायक करावा, ही प्रतिमा टाळण्याऐवजी तिच्यावर ताबा घेण्याची कृती होती. रिचर्ड डायर यांनी १९८८ च्या निबंधात रक्तपिशाच आणि समलिंगी माणूस यांच्यातील साम्याची उकल केली आहे : दिवसा इतरांसारखा वागणारा, रात्री वेगळे जगणारा, आपल्यासारख्याला नजरेत ओळखणारा. नीना ऑअरबाख यांनी १९९५ च्या ग्रंथात प्रत्येक काळ आपल्याला हवा तसा रक्तपिशाच घडवितो, असे प्रतिपादन केले. ते बरोबर असले तरी अपुरे वाटते. काळाला काय हवे होते एवढ्याने भागत नाही. कथेच्या कोणत्या संकेतांनी ते पुरविले, हेही सांगावे लागते.

असे दोन संकेत निर्णायक दिसतात. पहिला उंबरठ्याचा. रक्तपिशाच बोलावल्याशिवाय घरात येऊ शकत नाही. लोककथेतील हा नियम आधुनिक वाचकाला वेगळ्याच कारणाने भिडतो : घर आपल्याला स्वीकारील की नाही, या प्रश्नावर ज्याचे आयुष्य टांगलेले आहे त्याला दाराबाहेर थांबलेला हा पाहुणा परका वाटत नाही. दुसरा संकेत वंशाचा. रक्तपिशाचाला मूल जन्माला घालून वंश वाढवावा लागत नाही. तो निवड करून आपले कूळ निर्माण करतो. विवाह आणि संतती यांच्या बाहेर राहूनही कोणाचे तरी पूर्वज होता येते, ही कल्पना भीतिदायक आहे खरी, पण ती दिलासा देणारीही आहे.

वंशाच्या या मुद्द्यापाशी मराठी अभ्यासकाने थबकले पाहिजे. आपल्याकडे भूत कोण होते? मुंज झाली परंतु सोडमुंज होऊन लग्न होण्याआधी मेला तो मुंजा; तो पिंपळावर राहतो. बाळंतपणात वा पोटुशी असताना मेली ती हडळ किंवा अळवंत. मागे पुत्र नाही, पिंड देणारा नाही, तो समंध. सवाष्ण मेली पण वासना राहिली ती जखीण. एन्थोवेन यांच्या मुंबई इलाख्याच्या लोकविद्येवरील १९२४ च्या ग्रंथात अशा भुतांची नोंद आहे, आणि खेड्यातील आजीबाईंना ती ग्रंथाशिवायच पाठ असते. या नावांकडे एकत्र पाहिले म्हणजे एक व्यवस्था दिसते. मराठी भूतसृष्टी ही बहुतांशी अपुऱ्या राहिलेल्या संस्कारांची यादी आहे. लग्न, बाळंतपण, पुत्र, पिंड या साखळीत जेथे कडी निसटली तेथे एक भूत उभे राहते. काही समाजांत अविवाहित पुरुष मरण पावला तर दहनापूर्वी त्याचे रुईच्या झाडाशी लग्न लावण्याची रूढी होती. तिच्यामागची धारणाही हीच. लग्नाविना मेलेला पुरुष स्वस्थ बसणार नाही, म्हणून लग्न लावून द्यायचे, मग ते झाडाशी का असेना.

युरोपीय रक्तपिशाच हा बहुधा पापाने, शापाने किंवा दंशाने घडतो. मराठी भूत गृहस्थाश्रमातून वगळल्यामुळे घडते. म्हणजे जो पुरुष वा जी स्त्री स्वभावतःच या साखळीबाहेर आहे, तिला आपल्या लोकमानसाने जिवंतपणीच भुताच्या वाटेवर उभे केलेले असते. भाषाही तेच सांगते. लग्न न केलेला तो 'सडाफटिंग', लग्न लांबलेला तो 'घोडनवरा'. लग्न करावेसेच न वाटणारा, कारण त्याचे मन दुसऱ्या पुरुषात आहे, अशा माणसासाठी घरात उच्चारता येईल असा शब्द जुन्या मराठीने दिला नाही. जे शब्द होते ते शिव्या होत्या. 'समलिंगी' हा शब्द अलीकडचा, आणि तोही अजून घरगुती झालेला नाही.

एवढी समृद्ध सामग्री हाताशी असताना मराठी भयकथेने ती या दिशेने का वापरली नाही? नारायण धारप (१९२५-२००८) यांनी रक्तपिशाचाला मराठीत आणले. त्यांची 'लुचाई' ही स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट' (१९७५) या कादंबरीच्या आधाराने लिहिलेली आहे. मूळ कादंबरीत परका माणूस गावात घर घेतो आणि एकेक कुटुंब आतून पोखरले जाते. भयाचा स्रोत बाहेरचा, आणि राखावयाचे ते घर, हे सूत्र धारपांच्या प्रकृतीला मानवणारेच होते. त्यांच्या 'समर्थ' कथांतही अमंगळाला हटवून संसार पूर्वपदावर आणणारी शक्ती असते. रत्नाकर मतकरी (१९३८-२०२०) यांची गूढकथा अधिक मानसशास्त्रीय आहे. तिच्यात भय बऱ्याचदा कुटुंबातूनच, एखाद्या मुलाच्या वा पत्नीच्या मनातून उगवते. तरीही या दोघांच्या कथाविश्वाचा पाया विवाहित कुटुंब हाच राहिला. हे त्यांचे न्यून म्हणून सांगावयाचे नाही. मासिकांचा, दिवाळी अंकांचा आणि वाचनालयांचा जो वाचक त्यांच्यासमोर होता तो त्याच घरात बसून वाचत होता.

मात्र ते घर आता बदलले आहे. सोलापूरचेच उदाहरण घ्यावे. जुन्या शहरात किल्ल्याभोवतीच्या पेठा, गिरण्यांच्या चाळी आणि वाड्यांची परसे होती, त्यामुळे भुतांना पत्ता होता : अमुक पिंपळ, तमुक आड. विजापूर रस्त्याच्या अंगाने दक्षिणेला वाढलेल्या जुळे सोलापुरात प्लॉट पडले, बंगले झाले, मग सदनिका झाल्या. मुंजाला राहण्यासाठी तेथे पार नाही. पण उंबरठा आहे, दाराला भिंगाचा डोळा आहे, आणि भाडेकरू ठेवताना कुटुंब आहे का, हा प्रश्नही आहे. दोन तरुण एकत्र खोली घेऊन राहिले तर विशीत ते विद्यार्थी ठरतात, पंचविशीत नोकरदार. तिशी उलटली की शेजारी विचारू लागतात. स्थळाला बांधलेले भूत अशा वसाहतीत टिकत नाही, आणि आत घ्यावे की न घ्यावे असा पाहुणा मात्र येथे सर्वार्थाने आधुनिक ठरतो. रक्तपिशाचकथेच्या आजच्या आकर्षणाचे एक कारण या साध्या वास्तुबदलातही शोधता येईल.

आणि असा पाहुणा मराठीत आलेला आहे. फक्त तो भूत म्हणून आलेला नाही. सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' (२००६) ही कादंबरी या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. पुण्यातील मध्यमवर्गीय घरात एक तरुण भाडेकरू राहावयास येतो. घरातला मुलगा तनय आणि मुलगी अनुजा दोघेही त्याच्यावर प्रेम करतात, एकमेकांना नकळत. एके दिवशी तो नाहीसा होतो. अर्धी कादंबरी भाऊ सांगतो, अर्धी बहीण. पाहुण्याला नाव नाही. पोलिडोरीचा ऑब्रे, त्याची बहीण आणि रुथवेन. स्टेनबॉकचा गॅब्रिएल, कार्मेला आणि व्हार्डालेक. आणि येथे तनय, अनुजा आणि तो निनावी. भाऊ, बहीण आणि घरच्यांनीच आत घेतलेला परका, हा त्रिकोण तोच आहे. कुंडलकरांनी त्या कथा वाचल्या होत्या की नव्हत्या हा प्रश्न गौण आहे. रूपबंधांना वाचनाची गरज लागत नाही. भेद कोठे आहे ते पाहणे महत्त्वाचे. येथे पाहुणा कोणाला मारीत नाही, त्याला कोणी खुंटा ठोकीत नाही, आणि भावंडे झिजूनही जगतात. पोलिडोरीत भावाच्या मौनाची किंमत बहीण प्राणाने मोजते. येथे बहिणीला स्वतःचे निवेदन मिळते. एकोणिसाव्या शतकातील भयकथेचा सांगाडा वास्तववादी कादंबरीत उतरला आणि उतरताना त्यातील भय गळून दुःख तेवढे राहिले.

विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' (१९८१) हे नाटक याच्या पंचवीस वर्षे आधीचे. सुमित्रा देव ही महाविद्यालयीन तरुणी नमावर प्रेम करते आणि तिचे गुपित बापू हा मित्र वाहतो. बापूचे स्थान येथे विक्रमाचे आहे. वेताळाची अट आठवावी : उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर तुझ्या मस्तकाची शकले होतील, आणि बोललास तर मौन मोडले म्हणून मी झाडावर परत जाईन. राजाला कोणताही मार्ग मोकळा नाही. मित्राविषयी बोलावे तर ती उघडी पडते, न बोलावे तर ती एकटी पडते. नाटक तिच्या आत्महत्येत संपते. तेंडुलकरांनी अलौकिकाला हात लावलेला नाही. त्यांना त्याची गरजही नव्हती. परंतु समलिंगी व्यक्तीच्या वाट्याला आलेला शेवट आणि कार्मिलाच्या वाट्याला आलेला शेवट यांत फारसे अंतर नाही, हे वर्गात हे नाटक शिकविताना सांगितले पाहिजे. शोकांतिका म्हणून ते वंदनीय आहेच. तरी वर्गातल्या बाकावर बसलेल्या एखाद्या विद्यार्थ्याला आपल्यासारख्याचे मराठी साहित्यातील पहिले दर्शन मृत्यूतच होते, ही गोष्ट शिक्षकाला अस्वस्थ करावयास हवी.

मराठीत या विषयावरील उरलेले बरेचसे लेखन माहितीपर आणि आत्मनिवेदनपर आहे. बिंदुमाधव खिरे यांच्या पुस्तकांनी ते काम निष्ठेने केले. दंडविधानाचे कलम ३७७ ज्या काळात डोक्यावर होते त्या काळात आधी माणूस म्हणून ओळख पटविणे आवश्यक होते. कल्पिताचा विलास नंतरचा. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये दिलेला दिलासा सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये काढून घेतला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेज सिंग जोहर खटल्यात प्रौढांचे संमतीचे संबंध गुन्ह्यातून मुक्त केले. ज्याला न्यायालयात आपण माणूस आहोत हे सिद्ध करावयाचे आहे तो आपल्या कथेत रक्तपिशाच होण्याचे धाडस सहसा करणार नाही. वास्तववादाचा आश्रय हा येथे अभिरुचीचा भाग नव्हता, बचावाचा भाग होता.

आता परिस्थिती थोडी वेगळी आहे, पूर्ण वेगळी नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली. म्हणजे अपराध गेला, पण मुंजाचे मुंजेपण राहिले. आदित्य सरपोतदार या मराठी दिग्दर्शकाने 'मुंज्या' (२०२४) या हिंदी चित्रपटात कोकणातले हे भूत पडद्यावर आणले, आणि 'थामा' (२०२५) मध्ये वेताळाला पुन्हा रक्तपिशाच केले. बर्टनची चूक दीडशे वर्षांनी घरी परतली. परंतु चित्रपटातला मुंज्याही लग्नासाठीच हटून बसलेला आहे, आणि तेही मुलीशी. मुंजाला मुळात लग्न हवे असते, हे गृहीत धरूनच आपण त्याच्याकडे पाहत आलो. एखाद्या मुंजाला ते नको असेल, पिंपळाखालून जाणाऱ्या दुसऱ्याच कोणाची तो वाट पाहत असेल, अशी कथा मराठीत लिहिली गेली तर तिला श्टायरियाच्या गढीची वा परक्या उमरावाची गरज पडणार नाही. लेखकाला मात्र एक अवघड गोष्ट साधावी लागेल : भुताचे दुःख दाखविताना समलिंगी माणूस म्हणजे भूत हे समीकरण पुन्हा पक्के होऊ न देणे. उल्रिख्सला ते साधले, स्टेनबॉकला साधले नाही.

वेताळपंचविशीच्या शेवटच्या कोड्यात राजा गप्प राहतो. एका राणीशी मुलाचे लग्न होते आणि तिच्या मुलीशी बापाचे. त्यांना मुले झाली तर ती एकमेकांची कोण, असा वेताळाचा प्रश्न आहे. राजाला उत्तर सुचत नाही, कारण त्या नात्याला शब्दच नाही. इतर चोवीस वेळा तो बोलला म्हणून वेताळ निसटला. या वेळी तो न बोलता चालत राहतो, वेताळ प्रसन्न होतो, आणि वाटेत दबा धरून असलेल्या संकटाची आगाऊ कल्पना राजाला देतो.